जाते म्हणू नये

भर दुपारी घरांचे फोटो कुणी काढत नाही, उन्हानं घरं चपटी दिसतात. पण गौतमीला दुपारच तेवढी मोकळी होती. विकायला काढलेल्या शेतांचे, गावाकडच्या घरांचे फोटो काढून इंटरनेटवर टाकायचे, हा तिचा धंदा. शिरूरपासून दौंडपर्यंत कितीतरी घरं तिनं अशी नटवून दिली होती. आजचं घर मात्र राहू गावातलं, तिच्या मामाचं. मामा-मामी दोघंही गेली, मामेभाऊ सम्राट रांजणगावला कंपनीत लागून तिकडचाच झाला, आणि आता घर, ऊस, विहीर, सगळंच विकायला निघालं होतं. हे घर गेलं की गौतमीचं आजोळ गेलं. तिला ते जायला नको होतं. पण आजोळावर भाचीचा हक्क लाडापुरताच, म्हणून ती गुमान कॅमेरा घेऊन आली होती.

तिनं आधी ऊस टिपला, मग विहीर, मग ओसरी. लांबच्या गुऱ्हाळावरून उकळत्या रसाचा वास येत होता. आत भिंतीवर बुद्धांच्या तसबिरीच्या जागी पांढरा चौकोन उरला होता. चुलीपाशी मामीचा पाट मात्र तसाच. सुट्टीत इथंच बसून मामीच्या हातची ताकभाकरी खायची, या आठवणीनं तिचे डोळे भरून आले. फोटोत पाट नको, म्हणून तिनं तो कोपऱ्यात उभा केला आणि फोटो काढला. बॅग भरून वळली, तर पाट पुन्हा चुलीपाशी. पडला असता तर आवाज झाला असता.

दारात येऊन तिनं चपला घातल्या. आता पुन्हा येणं नाही, म्हणून खरं तेच बोलली, "जाते, मामी."

आतून हळू आवाज आला, "जाते म्हनू न्हाई गं... येते म्हन."

ताईबाई मामीनं हयातभर भुताखेतांची टर उडवली होती. मेलेल्या मानसाला दुसरं काम न्हाई व्हय, म्हणायची. पण निघताना कुणी 'जाते' म्हटलेलं तिला खपत नसे. परत आत बोलावून, पाणी पाजून, 'येते' वदवून घेऊनच सोडायची. गौतमीच्या अंगावर काटा आला, आणि नवल म्हणजे, बरंही वाटलं. लहानपणीच्या सवयीनं ती बोलून गेली, "येते." मग मागं न बघता तिनं स्कूटर गाठली.

आठवड्यानं गौतमीच्या कोरेगाव भीमाच्या घरी सकाळीच सम्राटचा फोन आला.

"गौतमे, गिऱ्हाईक आलं व्हतं. म्या कुलूप काढलं, ते आत डोकावलं आन् दारातनंच माघारी फिरलं."

"का रे?"

"म्हनतंय, आत म्हातारी बसलीय. पोरगी येते म्हनून गेलीय, ती आल्याबिगर घर कुनाला न्हाई, म्हनली."

"तू गेलास आत?"

"गेलो ना... कोनी न्हाई. पन चुलीत निखारं हायेत, गौतमे. आन् दोन ताटं वाढून ठेवल्यात..."

आजोळ राहिलं, या विचारानं गौतमीला आधी आनंदच झाला. भीती मागाहून आली, तोवर तिनं स्कूटरची किल्ली उचलली होती. स्वयंपाकघरात आई मिक्सरवर चटणी वाटत होती. गौतमी उंबऱ्यावर थांबली. रोजचंच 'येते' म्हणायला तोंड उघडलं, आणि शब्द निघाला, "जाते, आई."

मिक्सरच्या आवाजात आईला काही ऐकू आलं नाही.