दुव्याचे दुसरे टोक

संग्रहालयातल्या संगणकाच्या पडद्यावर एक चित्र होते: खिडकीपाशी वेताची रिकामी खुर्ची. चित्राखाली, काल जिथे दुसऱ्या संग्रहालयाकडे नेणारा दुवा होता, तिथे आज पांढरी जागा होती. ती जणू खोलीभर पसरत चालली होती.

"दोन्ही संग्रहालयांच्या नोंदी मीच जोडल्या," संगणकवाला म्हणाला. "इथली चित्रं, तिथल्या वस्तू, कुणीही उघडून पाहावं. या चित्रातली खरी खुर्ची तिथं आहे. तो दुवा कुणीतरी पुसला, आणि खापर माझ्या डोक्यावर."

"खुर्चीवरून भांडणं ऐकली होती, भाऊजी," बोलावून आणलेल्या गुप्तहेराचा मेहुणा त्याच्या कानाशी पुटपुटला, "पण ती पुढाऱ्यांची."

गुप्तहेर हसला नाही. "नोंदी कोण बदलू शकतं?"

"इथल्या फक्त बाई. तिथल्या तिथली माणसं. मी दोन्हीकडच्या."

बाई म्हणजे दालनाच्या प्रमुख. चित्रकाराची एकुलती मुलगी; ती समोरच बसली होती. उद्या याच चित्राभोवती वडिलांच्या नावाचे दालन उघडणार होते.

"वडिलांचं शेवटचं चित्र?" गुप्तहेराने तिला विचारले.

"हो. पुढच्याच महिन्यात बाबा गेले."

"खुर्ची आठवते?"

तिचा चेहरा क्षणभर निवळला. "आठवते ना. मी बसले की आई ओरडायची, 'ऊठ, हलवू नकोस ती.' स्वतः समोर स्टुलावर बसायची. तासन् तास."

गुप्तहेराने दुसऱ्या संग्रहालयाचे पान उघडले. खुर्चीखाली या चित्राकडे येणारा दुवा शाबूत होता.

"या संगणकवाल्यांनी पुसला असता तर दोन्ही टोकं गेली असती. एकच गेलं, म्हणजे हात इथला." त्याने खुर्चीच्या नोंदीतले साल दाखवले. "आणि ही खुर्ची घडली तुमचे वडील गेल्यावर तीन वर्षांनी."

"पण सही वडिलांची आहे," मेहुणा म्हणाला.

"नाव त्यांचं. पण खुर्ची हलू नये म्हणून जीव कुणाचा जातो? जो तिच्यासमोर बसून ती रंगवतोय, त्याचा."

तिने पडद्यावरच्या सहीवर बोट ठेवले.

"आईला बाबांचं नाव टिकवायचं होतं," ती म्हणाली. "मरेपर्यंत तेवढंच मागितलं तिनं."

"दुवा पुन्हा जोडता येईल," गुप्तहेर हळूच म्हणाला. "चित्राखाली उद्या नाव कुणाचं लावायचं?"

ती उठली. दाराच्या वाटेत एक खुर्ची आडवी होती. तिने ती हलवली नाही. वळसा घालून ती निघून गेली.