कॉफीच्या भांड्यातली कुरडई

गव्हाचा चीक शिजला की तो कुणासाठी थांबत नाही. गरम आहे तोवर सोऱ्यातून दाबून कुरडया घालून घ्याव्या लागतात. गार झाला की त्याचा दगड होतो. आणि चौऱ्याऐंशी सालच्या एप्रिलमधल्या त्या सकाळी, नाशिकच्या इंदिरानगरातल्या एका गच्चीवर, पातेल्यात चीक रटरटत असतानाच भिमाबाईंच्या सोऱ्याचा दांडा मोडला.

"आता गं?" भिमाबाईंनी लेकीकडे पाहिलं.

लेकीचं नाव विशाखा. ती बालवाडीत शिकवायची. लहान मुलांच्या शंभर प्रश्नांना न चिडता उत्तरं देणारी ही मुलगी, पण या प्रश्नाला उत्तर दिलं ते घरमालकीण शकुबाईंनी.

"ह्या गच्चीवरच्या खोलीत नवा पोरगा आलाय ना, त्याच्याकडं पितळी सोऱ्या हाय. झाडताना बघितला मी. बारका हाय, पण चालंल."

"त्याला न विचारता घ्यायचा?"

"तो गेला कामावर. चीक काय त्याची वाट बघणार हाय का? घे, धू, परत ठेव. झालं."

विशाखाने घेतला. दिसायला सोऱ्याच होता तो. उभट पितळी भांडं, तळाला भोकं, आत दांड्याची चकती. भोकं मात्र सुईच्या टोकाएवढी. चीक भरला, चकती ठेवली, दाबली... काहीच बाहेर येईना.

"जोर लाव की! जेवली नाय का सकाळी?" शकुबाई म्हणाल्या.

तिने दोन्ही हातांनी सगळं अंग टाकलं. केसासारख्या चार बारीक तारा खाली आल्या आणि भांड्यातून 'टक्' असा आवाज झाला. तळ फुगून एका बाजूने उसवला होता.

त्याच वेळी जिन्यावर पावलं वाजली. कारखान्याची बस चुकली म्हणून नागसेन पगारे परत आला होता. ओझरच्या विमानाच्या कारखान्यात तो कामाला होता आणि बंगळूरचं प्रशिक्षण संपवून नुकताच या खोलीत राहायला आला होता. तो गच्चीच्या दारात थांबला. विशाखाच्या हातातल्या भांड्याकडे, खालच्या चार तारांकडे आणि शेवटी तिच्या कोपरापर्यंत चिकाने माखलेल्या हातांकडे त्याने पाहिलं.

"जय भीम," तो हळू म्हणाला. "हे... काय करताय?"

"कुरडई."

"कॉफीच्या भांड्यात?"

विशाखाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. पण हार मानायची सवय तिला नव्हती.

"कॉफीला कशाला हवं वेगळं भांडं? दूध उकळायचं, पूड टाकायची, वरून जायफळ किसायचं. झाली कॉफी!"

"जायफळ?" कुणी त्याच्या यंत्रात वाळू टाकल्यासारखा त्याने चेहरा केला. "जायफळ घातलं की कॉफीचं श्रीखंड होतं."

शकुबाई खो-खो हसल्या. विशाखा हसली नाही. तिने ते भांडं पदराआड घेतलं आणि म्हणाली, "मी दुरुस्त करून आणून देईन."

नागसेनने मान हलवली. तो फार बोलणारा माणूस नव्हता. खोलीत जाता जाता तो मागे वळला.

"तेवढी कुरडई मात्र छान झालीय," तो म्हणाला. "फारच नाजूक."

*

भांडी बाजारातल्या तांबटाने तळ ठोकून सरळ केला, डाग दिला, आतून कल्हई करून दिली. भोकांत वाळून बसलेला चीक मात्र विशाखाने स्वतः काढला. दोन संध्याकाळी सुई घेऊन ती ओट्यावर बसली होती. भिमाबाईंनी विचारलं, "एवढं काय गं त्यात?" ती म्हणाली, "दुसऱ्याची वस्तू आहे." ते खरंच होतं. पण एवढंच खरं असतं, तर भांडं परत देताना तिने केसांत मोगरा माळला नसता.

"बरोबर झालंय का, ते कसं कळणार?" तिने विचारलं.

"कॉफी करून," नागसेन म्हणाला.

शकुबाई गच्चीवर तांदूळ निवडत बसल्या होत्या, म्हणून विशाखाला दारात उभं राहता आलं. नागसेनने स्टोव्हवर पाणी ठेवलं आणि आधी थोडं गरम पाणी भांड्यातून फिरवून टाकून दिलं.

"थंड भांड्यात कॉफी रुसते," तो म्हणाला.

मग ते दुसऱ्या एका भांड्यावर बसवून त्याने पूड घातली. भांड्याला हलकीच टिचकी मारून ती सपाट केली. दांड्याची चकती, तिला तो छत्री म्हणायचा, तिच्यावर अलगद टेकवली. विशाखाचा हात सवयीने पुढे गेला.

"अं हं! दाबायचं नाही." त्याने झटकन हात मध्ये घातला. बोटांना बोटं लागली... आणि दोघांनीही आपापले हात अशा घाईने मागे घेतले, जणू स्टोव्हचा चटका बसला होता.

"पूड दाबून बसली की पाणी अडतं," तो भांड्याकडे बघत म्हणाला. "मग कॉफी उतरतच नाही. आणि पाणी उकळतं असेल तेव्हा लगेच ओतायचं नाही. बुडबुडे शांत होऊ द्यायचे. मग कडेकडेने, गोल गोल..."

पाणी ओतून त्याने झाकण ठेवलं. "आता थांबायचं."

विशाखा थांबली. मग तिने झाकण उचलून पाहिलं. पुन्हा थांबली. पुन्हा उचललं.

"बालवाडीत मुलं असंच करतात," ती स्वतःवरच हसत म्हणाली. "मेथ्या पेरल्या की रोज उकरून बघतात, उगवल्या का म्हणून."

"मग उगवतात?"

"ज्यांना मी दुसऱ्या कामाला लावते, त्यांच्या उगवतात."

"मग तुम्हालाही काम देतो. दूध बघा."

खालच्या भांड्यात काळाभोर अर्क थेंबथेंब उतरला होता. तो त्याने उकळला नाही. उकळला की करपट होतो, म्हणाला. कपात आधी अर्क घातला, वरून कढत दूध आणि साखर. मग दोन भांडी घेऊन उंचावरून या भांड्यातून त्या भांड्यात ओतत राहिला. कॉफीची तपकिरी धार हवेत लांब होत गेली. फेस आला. शकुबाईसुद्धा तांदूळ सोडून बघत राहिल्या.

विशाखाने घोट घेतला. डोळे मिटले. उघडले.

"कशी आहे?"

"चांगली आहे," ती गंभीरपणे म्हणाली. "फक्त जायफळ हवं होतं."

*

मग रविवार सकाळची कॉफी गच्चीवर होऊ लागली. शकुबाई असायच्याच, कधी भिमाबाई लसूण सोलायला यायच्या. विशाखाचे वडील धोंडीराम तेवढे येत नसत. ते महापालिकेत कारकून होते, चहाचे माणूस, आणि रविवारी वर्तमानपत्र संपेपर्यंत कुणाचेच नसत.

दर रविवारी विशाखा शेवटचा घोट घेऊन तेच वाक्य म्हणायची. दर रविवारी नागसेन तेच उत्तर द्यायचा: "श्रीखंड दसऱ्याला."

श्रावणात एकदा द्वारका चौकातल्या थांब्यावर ती बससाठी उभी होती. पावसाची बारीक भुरभुर चालू होती. नाशिकरोडहून आलेल्या बसमधून नागसेन उतरला. नाशिकरोडला दक्षिणेकडच्या लोकांची वस्ती होती. तिथे एक दुकानदार समोर कॉफीचं बी भाजून दळून द्यायचा. कागदी पुडा भिजू नये म्हणून नागसेनने तो शर्टाच्या आत धरला होता. इंदिरानगरच्या बसमध्ये दोघं पुढे-मागे उभे राहिले आणि सगळ्या बसला ताज्या कॉफीचा वास सुटला.

"कुठून येतोय हो हा वास?" एका बाईने विचारलं.

"यांच्या छातीतून," विशाखा म्हणाली आणि जीभ चावली.

नागसेन खिडकीबाहेर बघत राहिला. पण खिडकीच्या ओल्या काचेत त्याचं हसू तिला दिसलं. ती ते बघतेय हे त्यालाही दिसलं. त्यानंतरही, बोलायला हवं होतं ते, कुणीच बोललं नाही. थंडी पडली तरी नाही.

*

थंडी पडली आणि कळवणचं स्थळ आलं. मुलगा हायस्कुलात शिक्षक, माणसं चांगली. नावं ठेवायला जागा नव्हती, हीच विशाखाची अडचण. धोंडीरामांनी तिला जवळ बसवून विचारलं, "बोलावू का त्यांना बघायला? रविवारपर्यंत सांग. तुझ्या मनाविरुद्ध काही करणार नाही मी. पण मन आहे कुठे, ते तरी कळू दे."

विशाखा म्हणाली, "रविवारी सांगते."

शनिवारी सांजेला ती गच्चीवरचे कपडे काढायला गेली. नागसेन दारात बसून ते पितळी भांडं चिंचेने घासत होता. कळवणची बातमी शकुबाईंनी त्याला आधीच सांगितली होती. शकुबाईंच्या पोटात तिळासारखी बारकी गोष्टही राहत नसे.

"मुलगा शिक्षक आहे म्हणे," तो म्हणाला.

"हो."

"कळवण चांगलं गाव आहे. माझ्या आईचं गाव तिथून जवळच."

"हो का?" विशाखाने एक चादर झटकली. गरजेपेक्षा जरा जोरात. "आणखी काही बोलायचंय तुम्हाला?"

तो भांडं घासत राहिला. मग ते उलटं करून म्हणाला, "मी... मी कुणावर दाबून काही लादत नाही. तुम्हाला माहीत आहे. दाबलं की उतरत नाही."

विशाखा कपड्यांचा ढीग छातीशी धरून त्याच्यासमोर उभी राहिली.

"नागसेन, एक विचारू? पूड घातली, सपाट केली, छत्री ठेवली, झाकण लावलं. सगळं नीट. दाबलंही नाही. आणि पाणीच ओतलं नाही... तर किती वेळ थांबलं की कॉफी होते?"

त्याचा हात थांबला.

"बालवाडीतलं पोरही सांगेल," ती म्हणाली आणि खाली गेली. जिन्यात एक मोजा पडला. तो उचलायला ती मागे आली नाही.

*

रविवारी सकाळी धोंडीरामांच्या हातातलं वर्तमानपत्र तिने काढून घेतलं.

"बाबा, वर चला. कॉफी प्यायला."

"मी चहा पितो."

"माझं मन कुठे आहे, ते विचारलं होतंत ना?"

धोंडीरामांनी लेकीकडे चष्म्यावरून पाहिलं. मग चपला घातल्या.

त्यांना बघून नागसेन दचकला. "जय भीम, काका," म्हणत त्याने एकुलती एक खुर्ची पुढे केली. कॉफी केली. पण आज धार उंचावरून नीट पडेना. दोन थेंब जमिनीवर सांडले. शकुबाईंनी काही बोलायला तोंड उघडलं. भिमाबाईंनी त्यांच्या हातात लसणाची गड्डी दिली.

धोंडीरामांनी घोट घेतला. आणखी एक घेतला. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

"चांगली आहे," ते म्हणाले. "आमच्यात जायफळ घालतात. त्याशिवाय कॉफी वाटत नाही मला. तुमच्याकडे नसेल."

विशाखाने मान खाली घातली. आता तो श्रीखंडाचं काहीतरी बोलणार, आणि बाबा...

नागसेन खोलीत गेला. फळीवरचा एक डबा वाजला. तो बाहेर आला तेव्हा त्याच्या एका हातात लहानशी किसणी होती, दुसऱ्यात जायफळ.

"द्या, मी किसते," म्हणून विशाखाने ते घेतलं आणि तिचा हात तसाच राहिला.

जायफळ घरात किती पुरतं, हे कुठल्याही बाईला माहीत असतं. एका वेळी चिमूटभरसुद्धा लागत नाही. भिमाबाईंचं जायफळ एका दिवाळीला आणलेलं पुढच्या दिवाळीपर्यंत जायचं, तेही सगळ्या घराला. हे जायफळ निम्मं झिजलेलं होतं. एका माणसाने, एकट्याने, रोज सकाळी कपभर कॉफीवर किसलं, तरच ते एवढं झिजलं असतं.

"हे..." तिने जायफळ बोटांत फिरवून पाहिलं. "हे कधीपासून?"

नागसेनने एकदा धोंडीरामांकडे पाहिलं. मग तिच्याकडे.

"कुरडयांपासून," तो म्हणाला.

शकुबाईंच्या हातातला लसूण खाली पडला. नागसेन आता थांबला नाही. थांबला असता तर पुन्हा जमलं नसतं. "काका, कळवणच्या लोकांना बोलवायच्या आधी... माझं एक ऐकून घ्या. मला विशाखाशी लग्न करायचंय. त्यांची इच्छा असेल तर. मी हे फार आधी बोलायला हवं होतं."

धोंडीरामांनी कप लेकीपुढे धरला.

"आधी किस," ते म्हणाले. "गार होतेय."

विशाखाने जायफळ किसलं. जरा जास्तच पडलं. धोंडीरामांनी घोट घेतला, मिशा पुसल्या आणि खुर्चीत मागे रेलले.

"आता झाली कॉफी," ते म्हणाले. "कळवणला मी आज संध्याकाळीच नाही म्हणून निरोप देतो. आणि तुम्ही, पगारे, आईला घेऊन या."

नागसेनने आणखी दोन कप भरले आणि एक विशाखापुढे केला. किसणी अजून तिच्याच हातात होती. तिने त्याच्या कपावर थोडं जायफळ किसलं, मग स्वतःच्या.

"श्रीखंड झालं," ती कुजबुजली.

"हो," तो म्हणाला आणि कप शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला.