चाळीस टोप्या आणि पुरुष एकच

माझ्या डोक्यावर टॉवेल पडला, तिथून हे सगळं सुरू झालं.

माळीवाडा स्टँडवर पुण्याची गाडी लागली होती. मी खिडकीशी बसून पिशवीत पाण्याची बाटली शोधत होते, तेवढ्यात बाहेरून कुणीतरी जागा धरायला टॉवेल फेकला. कोरा करकरीत, खळीचा वास येणारा... आणि तो थेट माझ्या डोक्यावर! खाली बघितलं, तर एक उंच पोरगा आणि त्याच्या पायाशी हे एवढं गाठोडं.

"ओ, दिसत नाही का? माणूस बसलंय इथं!"

"तुमच्या शेजारची जागा धरायची हुती," तो म्हणाला. "नेम चुकला. लई लागलं का?"

टॉवेल लागतो का कुणाला! मला हसू आलं, पण मी ते दाखवलं नाही. पारनेरच्या बाजारात वाढलेली पोरगी मी. हसू दाखवलं की समोरचा डोक्यावर बसतो, हे मला पक्कं ठाऊक.

तो येऊन बसला आणि गाठोड्याच्या फटीतून पांढऱ्या टोप्या डोकावल्या.

"लोकांना टोप्या घालायला निघालात वाटतं?"

"व्हय. आफ्रिकेत."

मी चाटच पडले. जिल्ह्यातल्या कॉलेजांतून पाच जण निवडले होते. टांझानियातल्या एका लहानशा गावात, घरातून हाकलून दिलेल्या बायका नि त्यांची लेकरं राहतात त्या केंद्रावर तीन महिने काम करायला. मी त्यातलीच. पुण्याला निघाले होते ती पिवळ्या तापाची लस घ्यायला. आणि हा गोरक्ष, खर्ड्याच्या काकासाहेब शिंप्यांचा मुलगा, त्याच लसीला निघालेला.

"पण या टोप्या कशाला?"

"सत्काराला. टॉवेल, टोपी, नारळ. कुनाच्या दारात मोकळ्या हातानं जायाचं व्हय? दादांनी, म्हंजी वडलांनी, चाळीस शिवून दिल्यात. पुन्यात पेटीत भरायच्यात. तुमचं नाव काय म्हनला?"

"म्हणाले नाही अजून. ज्ञानेश्वरी."

त्यानं तिथल्या तिथं हात जोडले. "मग नमस्कार, माऊली!"

त्यानंतर त्यानं मला दुसऱ्या नावानं हाक मारली असेल तर शपथ. आधी चीड यायची. पुढे पुढे, एखाद्या दिवशी ती हाक कानावर पडली नाही, तर मीच काहीतरी निमित्त काढून त्याच्या समोरून दोनदा जायचे. आगाऊ होते मी... आणि वयही तसंच होतं.

केंद्रावरचा पहिला दिवस तर आठवला की अजून हसू येतं. आमच्या गटाच्या प्रमुख म्हणून सोबत आलेल्या ग्लोरिया मॅडमनी सगळ्यांना अंगणात बोलावलं. गोरक्षनं मोठ्या थाटात गाठोडं सोडलं, आणि त्याचा हात तसाच थांबला. समोर सगळ्या बायका आणि लेकरं. पुरुष म्हणाल तर फाटकावरचा म्हातारा राखणदार, एकटा! आपल्याकडे टॉवेल-टोपी पुरुषाला, बाईला साडी-चोळी. बायकांच्या केंद्रात सत्कार बायकांचा करावा लागेल, हे खर्डा ते टांझानिया एवढ्या वाटेत या बाबाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"कर आता सत्कार," मी कुजबुजले.

त्याचे कान लाल झाले. तो इतका कानकोंडा झाला, की चिडवायचं सोडून मीच त्याच्या मदतीला गाठोड्याशी वाकले. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

तेवढ्यात नीमा पुढं आली. नवऱ्यानं पोरीसकट घराबाहेर काढलेली. तीन आठवडे झाले, कुणाशी बोलत नव्हती म्हणे. तिनं एक टोपी उचलून पोरीच्या डोक्यावर ठेवली. टोपी सरळ नाकापर्यंत आली! पोरगी खिदळली आणि तिच्यामागून नीमा हसली. मग काय, झुंबड उडाली. पाच मिनिटांत अंगणात ग्रामसभा भरल्यासारखं दिसायला लागलं.

हसता हसता नीमानं टोपी उलटी केली, शिवणीवरून बोट फिरवलं आणि गोरक्षकडं बघून हातानंच विचारलं, हे मला शिकवशील?

केंद्रावर कुणीतरी देऊन ठेवलेली तीन शिलाई मशीनं धूळ खात पडली होती. चालवणारं कुणी नव्हतं. गोरक्षनं ती उघडली, तेल घातलं, आणि दुसऱ्या दिवसापासून खोलीत खडखडाट सुरू झाला. मी शेजारच्या पडवीत पोरांना आकडे शिकवायचे. मे महिन्यात आमच्याकडं टँकरची वाट बघायची, आणि तिथं दुपार झाली की पत्र्यावर पाऊस असा कोसळायचा, की शिकवणं बंद ठेवावं लागे. मग मी त्याच्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहायचे.

"माऊली, सुईत दोरा ओवून दे की."

"शिंप्याच्या पोराला दोरा ओवता येत नाही?"

"येतो... पन तू जवळ येत न्हाईस."

मी दोरा ओवला. तीनदा चुकला, चौथ्यांदा गेला. तो मशीन सोडून माझ्याकडंच बघत राहिला. बाहेर पाऊस आणि आत माझ्या छातीतली धडधड, दोन्ही सारखीच.

तीन महिने भुर्रकन गेले. निघायच्या आठवड्यात केंद्र चालवणाऱ्या बाईंनी गोरक्षला विचारलं, अजून एखादं वर्ष थांबशील? बायका नुकत्या कुठं शाळेचे गणवेश शिवायला शिकत होत्या. तो माझ्याकडं आला.

"काय करू? तू म्हनशील तसं. चल म्हनलीस तर आत्ता येतो."

माझ्या ओठावर आलं होतं... चल. पण खिडकीतून नीमा दिसत होती, मान खाली घालून काज करणारी. मी म्हणाले, "थांब. त्यांना गरज आहे तुझी."

"आन तुला?"

"माझं काय!" असं म्हणून मी हसले. आता हसू दाखवलं, नको तेव्हा.

पारनेरला आले, महिला समुपदेशन केंद्रात नोकरीला लागले. दर रविवारी त्याचा फोन यायचा. तो थांबला त्याला वर्ष उलटून गेलं, तरी तो कधी येतो हे त्यानं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मग कोपरगावचं स्थळ आलं. मुलगा साखर कारखान्यात इंजिनियर, नावं ठेवायला जागा नाही. आई म्हणाली, "येत्या सोमवारी त्यांना काय ते सांगायचंय. आता तोंडाला कुलूप लावून बसू नकोस."

रविवारी फोन आला. मी गोरक्षला स्थळाचं सांगितलं. तो तिथल्या पावसाचं बोलायला लागला. मी इथल्या टँकरचं. कुणी आधी बोलायचं यावर आमचं दोघांचं प्रेम अडून बसलं होतं.

एवढ्यात पलीकडून नीमाचा आवाज आला. त्याचं पडलेलं तोंड बघून तिनंच त्याच्या हातातून फोन घेतला होता. मला तिची भाषा थोडीफार यायची, तीही मला कळेल अशी सावकाश बोलली.

"याला घेऊन जा बाई. आम्हाला आता याची गरज नाही. नव्या बायकांना मीच शिकवते. हा माझ्यापेक्षा हळू शिवतो, आणि वर दिवसभर तुझ्या गोष्टी सांगतो. आमचं डोकं उठलंय."

माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. फोन परत गोरक्षकडं गेला.

"ऐकलंस?" तो म्हणाला. त्याचा आवाज बारीक झाला होता. "आता तू म्हनशील तसं, माऊली."

दुसऱ्यांसाठी भांडायला मला कधी शब्द कमी पडले नाहीत. ऑफिसात, पंचायतीत, कुठंही. स्वतःसाठी मात्र साधं पाणीसुद्धा मागितलं नव्हतं कुणाकडं.

"ये," मी म्हणाले. "बायकांसाठी नाही, पोरांसाठी नाही... माझ्यासाठी ये. मला तुझ्याशिवाय करमत नाही रे. लग्न केलं तर तुझ्याशीच करीन."

मग पलीकडून वीसेक बायकांनी एकदम असा आनंदाचा गलका केला, की मी फोन कानापासून लांब धरला. मेल्यानं स्पीकर चालू ठेवला होता! मराठीचा एक शब्द कळत नव्हता त्यांना, पण जे कळायचं ते बरोबर कळलं होतं.

आणि त्या गलक्यातून, हसतो आहे की रडतो आहे हे कळू नये अशा आवाजात, गोरक्ष म्हणाला, "आलो."