आग्नेसच्या डोक्यावरचा क्रूस

आल्टेनवेगांचं चित्र माझ्याकडे आलं तेव्हा नवरा जाऊन वर्ष झालं होतं, आणि बाईच्या हाती कुंचला बघून बर्नमधले बाकीचे चित्रकार नाकं मुरडत होते. मुरडोत बापडे. कामात मी कोणाला हार जात नाही, आणि बोलण्यातही.

आल्टेनवेग म्हणजे आजोबांच्या काळापर्यंत नदीकाठी कातडी कमावणारे. आता दारावर कोरलेली ढाल, नगरसभेत खुर्ची आणि मोठ्या चर्चमध्ये स्वतःचं चॅपल, घराण्यापुरतं छोटं प्रार्थनाघर. त्या चॅपलसाठी लाकडी फळीवर सगळं कुटुंब हवं होतं. डावीकडे पुरुष, उजवीकडे बायका, सगळे गुडघे टेकलेले. जे वारले त्यांच्या डोक्यावर छोटा लाल क्रूस. डोक्यावर क्रूस नाही तो माणूस जिवंत, हे आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं.

फळी जड, म्हणून मी त्यांच्याच माडीवर काम करत होते. घरचे मालक लुडविग. त्यांची पहिली बायको आग्नेस सात वर्षांपूर्वी आइन्सीडेल्नच्या यात्रेला गेली आणि तिकडेच तापाने वारली. तिला मी कधी पाहिलं नव्हतं. तिच्या माहेरची जुनी मोलकरीण बार्बली सांगेल तसा चेहरा रंगवला. डाव्या भुवईपाशी रंगाचा थेंब पडला, त्याचाच तीळ करून टाकला. दुसरी बायको कुनगोल्ड, पाववाल्याची लेक, हनुवटीला खळी. तिचे दिवस भरत आले होते.

एका सकाळी बघते तर आग्नेसच्या डोक्यावरचा क्रूस नाही.

"मावशी, काढायला विसरलात वाटतं," कुनगोल्ड म्हणाली.

"मी? एकवेळ जेवायला विसरेन!"

पुन्हा काढला. दुसऱ्या सकाळी पुन्हा नाही. खरवडल्याची खूण नव्हती. बोटाने हळूच पुसावा तसा गेला होता.

कुनगोल्डने दार लोटलं. "मावशी, तिला पुरताना कोणी पाहिलंय? ती जिवंत असली तर मी या घरात कोण? आणि हे?" तिने अंगठ्याने पोटावर क्रूस काढला, लेकराला जपायला आमच्या बायका कपाळावर काढतात तसा. "बापाचं नावसुद्धा मिळणार नाही याला."

मला तिची फार दया आली, आणि घरातल्या बाकी सगळ्यांचा संशय. भुताखेतांआधी मला माणसंच आठवतात. मालकांना काहीतरी ठाऊक असणार, नाहीतर ती बार्बली जुन्या मालकिणीसाठी हे उद्योग करत असणार.

म्हणून मी क्रूसाच्या लाल रंगात, हिंगुळात, जवसाचं तेल जास्त घातलं. असा रंग लवकर सुकत नाही, आणि बोटाला लागला की दिवसभर धुतला तरी जात नाही.

सकाळी क्रूस नव्हता. मी तडक स्वयंपाकघरात गेले.

"बार्बली, हात दाखव."

"घ्या, बघा! कांदे चिरून सालटी निघालीत. तुमच्या रंगाला चिकटायला जागा कुठाय?"

हात स्वच्छ होते. मालकांनी तर मी न विचारताच दोन्ही पंजे पुढे केले. तेही स्वच्छ. न विचारता केले, हे मला आवडलं नाही.

मी पुन्हा कुंचला उचलला तेव्हा कुनगोल्डने मनगट धरलं. "नका काढू, मावशी. राहू दे तसंच. मला सुखाने बाळंत होऊ दे."

मला पटलं नाही. पण पोरीचा चेहरा बघून मी कुंचला धुऊन ठेवला. फळी तशीच चॅपलमध्ये गेली.

महिन्याभराने सेंट मार्टिनच्या दिवशी प्रार्थनेचं बोलावणं आलं. मी आधी फळीकडे गेले.

आग्नेसचं डोकं मोकळं होतं. कुनगोल्डच्या डोक्यावर क्रूस होता.

माझ्या हातचा नव्हे. नखाने चाचपला. पार सुकून भेगाळलेला, मेणबत्त्यांच्या धुराने काळवंडलेला.

"मालक, कुनगोल्ड कुठाय?"

लुडविग माझ्याकडे बघतच राहिले. "असं काय करता, आपोलोनियाबाई? तिला जाऊन सात वर्षं झाली. यात्रेला गेली होती ना? क्रूस तुम्हीच काढलात की."

"बिचारी," मागून बार्बली म्हणाली.

माझ्या मनगटाला कुनगोल्डचा ऊबदार हात अजून आठवत होता. मी पाववाल्याला शोधलं. तो पुढच्या बाकावर काळे कपडे घालून बसला होता, आणि ते कपडे जुने होते, कोपरावर विरलेले.

"ही माझी बायको," लुडविग म्हणाले. "आणि हा आमचा मुलगा."

बाई पुढे आली. डाव्या भुवईपाशी तीळ होता.

तिच्या कुशीतल्या बाळाच्या हनुवटीला खळी होती.

बाळ किरकिरलं. ती त्याच्याकडे बघून मायेने हसली आणि अंगठ्याने त्याच्या कपाळावर क्रूस काढला.

कपाळावर तो लाल उमटला. ओला.