चौऱ्याऐंशी नंबरची पट्टी

शेगडीत एखादा कोळसा टाका आणि तो पडदा नीट ओढून घ्या. सांगतो. पण मध्ये कुणी बोलायचं नाही, मला मग धागा सापडत नाही.

ही गोष्ट अर्नी टिबलची. आम्ही दोघं बावीस वर्षं नगरपालिकेच्या एकाच आरोग्यखात्यात होतो. मी गटारांवर, तो धुरीवर. अर्नी खोटं बोलणारा माणूस नव्हता. त्याला ते जमतच नसे, बायकोसमोरसुद्धा.

तारीख सतरा नोव्हेंबर, सन बत्तीस. गुरुवार. दुपारपासूनच नदीवरून धुकं चढायला लागलं होतं. अर्नीला लॅडल कोर्टात चार नंबरच्या घरी, वरच्या मजल्यावरच्या खोलीला धुरी द्यायला जायचं होतं. तसं ते काम शुक्रवार सकाळचं. धुरीवाला नेहमी दुसऱ्या दिवशी सकाळी येतो, हे आमच्या भागात लहान पोरालाही ठाऊक. पण मुकादम म्हणाला, "उद्या धुक्यात कुठे चाचपडत बसशील? आजच उरकून टाक." अर्नीने खळीचा डबा उचलला, पट्ट्यांचं भेंडोळं काखेत मारलं आणि निघाला.

त्याचं काम असं. कुणाच्या घरी घटसर्प किंवा लाल ताप निघाला, की आजाऱ्याला गाडी साथीच्या इस्पितळात घेऊन जायची. मागून अर्नी. गाद्या, गोधड्या तो पोत्यात भरून धुरीघराकडे धाडायचा, वाफेच्या भट्टीत घालायला. मग खोलीच्या खिडक्या, धुराडं, भिंतीतल्या फटी, सगळ्यांवर खळ लावून कागदाच्या पट्ट्या मारायच्या. मधोमध पत्र्याच्या ताटलीत गंधक पेटवायचं. बाहेर येऊन दारालाही पट्ट्या. शेवटच्या पट्टीवर पेन्सिलीने तारीख, वेळ आणि आपली दोन अक्षरं. ती पट्टी तो स्वतः येऊन फाडेपर्यंत दाराला कुणी हात लावायचा नाही.

गल्लीतली पोरं त्याला गंधक्या म्हणत. "आला गंधक्या, पळा रे ढेकणांनो!" म्हणून मागे लागत. तो हसायचा.

त्याच वर्षी एप्रिलात तो लॅडल कोर्टात तळमजल्यावर एक खोली बंद करत होता, तेव्हा एक मुलगी येऊन शेजारी उभी राहिली. एफी क्राउच, वय वर्षं सहा. वरच्या मजल्यावरची.

"कागद कशाला चिकटवता हो काका?"

"आत विषारी धूर आहे बाळ. पट्टीच्या ह्या बाजूचा त्या बाजूला जाऊ नये म्हणून."

"कुणी आत राहिलं तर?"

"कुणी राहत नाही. मी प्रत्येक कपाट उघडून बघतो."

"प्रत्येक?"

"प्रत्येक. मांजर असलं तरी बाहेर काढतो."

तिने थोडा विचार केला. "मी एक लावू?"

अर्नीने लावू दिली. तिने पट्टी दाबून तळहाताने अशी घासली, की खळीत पाच बोटं उठली. मग म्हणाली, आता सही. पण तिला अक्षरं येत नव्हती, आकडेच यायचे. म्हणून तिने आपल्या घराचा नंबर लिहिला. चार.

अर्नी म्हणाला, "अगं, तुझ्या चारचं तोंड उलटीकडे झालं."

"तुम्हीच उलटीकडून बघताय," एफी म्हणाली.

घरी जाऊन बायकोला सांगताना तो किती वेळ हसत होता.

आणि आता नोव्हेंबरात त्याच एफीला घटसर्प झाला होता. गुरुवारी दुपारी बाराला गाडी तिला घेऊन गेली.

तिची आई हेटी धुणं धुऊन पोट भरायची. नवरा गोदीत माल उतरवताना गेला होता. मदतखात्याचा माणूस येऊन घरातलं सामान पाहून गेला, "हे आधी विका, मग मदत मागा" म्हणाला, तेव्हापासून त्या खोलीत एक पलंग, एक मोठा धुण्याचा टब आणि कपडे पिळायचं यंत्र एवढंच उरलेलं. तीन वर्षांपूर्वी तिचा थोरला असाच त्या गाडीतून गेला होता. तो परत आला नाही. आता एफी गेली. राहिला धाकटा रॉनी, चार वर्षांचा. आणि त्या सकाळी रॉनीही घसा धरून रडत होता.

आरोग्यखात्याच्या बाईंनी विचारलं, "धाकटा कुठे आहे? त्याचा घसा बघायला हवा."

हेटी म्हणाली, "मावशीकडे धाडलाय, नदीपलीकडे."

शेजारच्या पास्कबाईलाही तिने तेच सांगितलं. पास्कबाईच्या पोटात काही राहत नसे.

पोर मात्र खोलीतच होतं. छपराच्या उतारात कोळशासाठी एक बुटकं कपाट होतं. हेटीने त्याला चमचाभर झोपेचं गोड औषध पाजलं, गोधडीत गुंडाळून कपाटात निजवलं, पुढे टब आणि यंत्र ढकललं. धुरीवाला सकाळी येणार. तोवर इस्पितळाच्या फाटकाशी जाऊन एफीची खबर घ्यावी, अंधाराच्या आत परतावं, रातोरात रॉनीला खरंच कुठेतरी न्यावं. असा तिचा हिशेब.

अर्नी पोचला तेव्हा चार वाजून गेले होते. दार पास्कबाईने उघडून दिलं.

"हेटी गेलीय इस्पितळाकडे, चालत. एवढ्या धुक्यात! मी म्हटलं मर तिकडेच. माझ्या जिभेला काही हाडच नाही बघा, आता मेलं वाईट वाटतंय."

"आणि धाकटा?"

"मावशीकडे."

अर्नीने पलंगाखाली वाकून पाहिलं. भिंतीतलं कपाट उघडून पाहिलं. छपराखालच्या कपाटापुढे टब होता, पाण्याने भरलेला, आणि ते लोखंडी यंत्र. त्याची कंबर त्या आठवड्यात धरली होती. त्याने हात लांब करून कपाटाच्या फळीवर दोनदा टकटक केलं.

"आहे का रे कुणी?"

कुणी बोललं नाही.

त्याने गंधक पेटवलं. बाहेर आला. दाराला पट्ट्या मारल्या. वर लिहिलं, सतरा नोव्हेंबर, चार पस्तीस.

मग तो धुरीघरात गेला. धुरीघराचे दोन भाग असतात. मधे भिंत. भिंतीत भट्टी, तिला दोन्हीकडून दारं. मळक्या बाजूने गाद्या आत घालायच्या, स्वच्छ बाजूने काढायच्या. ह्या बाजूचा माणूस त्या बाजूला जाऊ शकत नाही, अंगणातून वळसा घालावा लागतो. अर्नी स्वच्छ बाजूला एकटाच होता. मळक्या बाजूला त्याने स्वतः कुलूप घातलेलं.

भिंतीवरच्या घड्याळात आठला दहा कमी होते. त्याने भट्टीतून एफीची गोधडी काढली. कडकडीत गरम. हातात धरून तो उभा होता.

भिंतीपलीकडे कुणीतरी खोकलं.

घटसर्पाचा खोकला एकदा ऐकला की विसरत नाही. कुत्र्याचं पिल्लू लांब कुठेतरी भुंकावं तसा.

अर्नी अंगणातून वळसा घालून गेला. कुलूप होतं तसंच होतं. उघडून दिवा आत धरला. कुणी नाही.

परत वळला, तर अंगणाच्या फाटकाशी एक मूल उभं. पाठमोरं. अंगात इस्पितळाचा पांढरा फ्लॅनेलचा झगा. अनवाणी. मनगटाला फीत, तिथे प्रत्येक आजाऱ्याला नंबराची बांधतात तशी.

"ए बाळ," अर्नी म्हणाला, "कुठून पळून आलंस? गारठशील..."

मूल चालू लागलं.

अर्नी मागे निघाला. धुकं असं, की आपलाच हात दिसेना. एक दिवा लागला की मूल पुढच्या दिव्याखाली. तो तिथे पोचला की ते त्याच्या पुढच्या. धावलं तरी अंतर तेवढंच. तो हाक मारत होता. ते वळत नव्हतं.

लॅडल कोर्ट.

चार नंबर.

जिना. अर्नीच्या पायाखाली पायऱ्या करकरत होत्या. पुढच्या पावलांखाली... नाही.

वरच्या माडीवर कुणीच नव्हतं.

समोर दार. दारावर त्याच्या पट्ट्या. सतरा नोव्हेंबर, चार पस्तीस. पट्टी अखंड. कुणी आत गेलं नव्हतं, कुणी बाहेर आलं नव्हतं.

तो ऐकत राहिला.

आतून खोकला आला.

तेव्हा त्याला टब आठवला. यंत्र आठवलं. आपण दोनदा टकटक केलं ते आठवलं.

त्याने पट्ट्या फाडल्या. गळपट्टा तोंडावर धरला. आत पिवळा धूर, डोळे फुटतील असा. चाचपडत खिडकीशी गेला, कोपराने काच फोडली. टब आडवा केला. पाणी सगळीकडे. यंत्र ओढलं. कंबरेत काहीतरी मोडल्यासारखं झालं. दिवा खाली धरला.

आणि थांबला.

कपाटाच्या दाराला चारही बाजूंनी पट्ट्या होत्या.

त्याच्याच भेंडोळ्यातला कागद. त्याचीच खळ. वरून, खालून, बिजागरीवरून. एक फट सोडलेली नव्हती.

अर्नीने त्या कपाटाला पट्टी लावली नव्हती. कुणी मूर्खही लावणार नाही. लावायची तर टब आधी हलवावा लागेल.

त्याने ओरबाडून दार उघडलं. आत कोळशाचा आणि ओल्या धुक्याचा वास. गंधकाचा नाही. कौलांच्या फटींतून बाहेरची हवा येत होती. गोधडीत रॉनी. ओठ निळे, घशात घरघर. पण घरघर होती.

धुक्यात गाडी निघेना. अर्नीने पोराला कोटाच्या आत घेतलं आणि दीड मैल चालत गेला.

त्या इस्पितळात आईबापांना आत सोडत नसत. आपल्या मुलाचा नंबर घ्यायचा आणि संध्याकाळच्या पेपरात तो कोणत्या रकान्यात आहे ते बघायचं. बरं, जेमतेम, वाईट. फक्त ज्याचं काही खरं नाही, त्याच्याच आईला आत घेत. म्हणून फाटकावरचा दरवान "या, आत या" म्हणाला की बायका तिथेच मटकन खाली बसत. हेटीला तो दुपारी तीनला "आत या" म्हणाला होता.

अर्नी फाटकाशी पोचला, तर दरवान "धुक्यात वाट चुकाल" म्हणून तासभर तिला सोडत नव्हता आणि ती त्याच्याशी झटापट करत होती.

"सोडा मला! माझं पोरगं कपाटात आहे... कुणाला ठाऊक नाही..."

मग तिने अर्नीला पाहिलं. त्याच्या कोटातून बाहेर आलेले दोन पाय पाहिले. गंधकाचा वास तिला आला असणार.

"टिबलदादा," ती अगदी हळू म्हणाली, "तुम्ही तर सकाळी येता ना?"

नर्सने पोराला उचलून नेलं.

हेटी फाटकाच्या पायरीवर बसली. म्हणाली, "एफीनेच सांगितलं. दिवसभर डोळे मिटून होती. आठला दहा कमी असताना उघडले. म्हणाली, आई, रॉनी खोकतोय. आणि मग..."

एफी तेव्हाच गेली होती. गरम गोधडी कधीतरी त्याने खांद्यावर टाकली होती, ती त्याच्या तेव्हा लक्षात आली. त्याने ती तिच्या अंगावर घातली.

रॉनीच्या नरड्याला भोक पाडून नळी घातली. त्याला पंच्याऐंशी नंबर मिळाला. तीन आठवडे पास्कबाई रोज संध्याकाळी हेटीला पेपर वाचून दाखवत होती, आणि त्या तीन आठवड्यांत ती बाई दुसरं अवाक्षर बोलली नाही. चौथ्या आठवड्यात नंबर बऱ्याच्या रकान्यात आला. पोरगं घरी आलं. आवाज मात्र कायमचा घोगरा झाला. तुम्ही ओळखता त्याला. कोपऱ्यावर भाजी विकतो.

त्या रात्री घरी जाऊन अर्नीने कोट काढला, तर खिशात कागद लागला. कपाटावरची एक पट्टी, कधी खिशात गेली त्यालाच कळलं नव्हतं. त्याने दिव्याखाली उलगडली. तळहाताने घासलेली. खळीत पाच बोटं, लहान. धुरीवाला तारीख लिहितो त्या जागी पेन्सिलीने आकडा. चौऱ्याऐंशी. त्यातल्या चारचं तोंड उलटीकडे.

एफीला इस्पितळात जो नंबर बांधला होता, तो चौऱ्याऐंशी. खोली बंद झाली चार पस्तीसला. त्या वेळी ती पोर दीड मैलावर खाटेवर होती, आई शेजारी बसलेली. आणि श्वास चालू होता.

ह्याला आता पंचवीस वर्षं झाली. अर्नी मागच्या हिवाळ्यात गेला. जायच्या आधी एका संध्याकाळी त्याने पलंगाखालून तंबाखूचा जुना डबा काढला, झाकण उघडलं आणि माझ्यापुढे धरला.

चोवीस वर्षांचा कागद. वाळून कुडकुडीत व्हायला हवा होता.

मी बोट लावलं.

बोटाला खळ लागली.