सगळे आत आहेत ना?

ही गोष्ट माझ्या थोरल्या काकूची आहे आणि यात मी पदरचं काहीही घातलेलं नाही. विश्वास ठेवाच असा आग्रह नाही. पण ती जागा मी पाहिली आहे, बोटांनी चाचपली आहे, म्हणून सांगते.

भुताची गोष्ट म्हटलं की लोकांना अमावस्येची रात्र लागते. इथे तसलं काही नाही.

वेळ सकाळी सव्वाआठची. ऊन ओट्यापर्यंत आलेलं.

जागा... तिसऱ्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं घर आणि त्याचं एकुलतं एक दार.

काका छापखान्यात मजकूर तपासायचे. पस्तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधून माणूस जसा होतो, तसेच ते झाले होते. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. काका कधीही न पोळता फुंकायचे. दाराचं कुलूप त्यांनी स्वतः निवडलेलं होतं. दाराच्या जाडीत बसवलेलं, पितळी, आतूनसुद्धा किल्लीनेच उघडणारं. काकूची किल्ली खिळ्याला असायची. काका मात्र रात्री दोन वेढे देऊन आपली किल्ली सदऱ्याच्या खिशात ठेवूनच झोपायचे.

"रात्रभर किल्ली उराशी," काकू म्हणायची. "मी काय पळून जाणार आहे?"

"तुझा काय भरवसा," काका म्हणायचे, चेहऱ्यावरची रेघही न हलवता.

सकाळी सव्वाआठला किल्ली आतून फिरायची. खट्... खट्. संध्याकाळी पावणेसातला बाहेरून. खट्... खट्. रविवारी मात्र काका उंबरा ओलांडत नसत. घर पेटलं तरी सोमवारी बघू, असं काकू त्यांना चिडवायची.

एका बुधवारी ते सव्वाआठला गेले आणि परत आले नाहीत. दुपारी छापखान्यात ते टेबलावर डोकं टेकलेले सापडले. डोक्याखाली अर्धा तपासलेला कागद होता.

त्यांच्या वस्तू एका पाकिटातून घरी आल्या. चष्मा, घड्याळ, पेन, रुमाल.

किल्ली नव्हती.

काकू रडली नाही. लोक येऊन तिच्याजवळ बसायचे, तिचा हात हातात घ्यायचे, वाट बघायचे. तिच्या डोळ्यांतून टिपूस निघालं नाही. ती मला नंतर म्हणाली, "दात काढताना गाल बधिर करतात ना गं, तसं सगळं अंग झालं होतं. चावलं तरी कळलं नसतं."

चार महिने असेच गेले. ती दोघांचा चहा करायची, एक कप प्यायची, दुसरा ओतून टाकायची. भाजी चिरायची, कपडे घड्या करून ठेवायची.

आणि रविवार सोडून रोज सव्वाआठला... खट्, खट्. पावणेसातला... खट्, खट्.

तिला ते ऐकू येत होतं. पण त्याचं काही वाटत नव्हतं. पंख्याचा आवाज जसा आपण ऐकतो आणि ऐकत नाही, तसं. पस्तीस वर्षं जो आवाज रोज आला, तो आजही आला तर त्यात दचकायचं काय?

हे तिने कुणालाच सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही आहे, हेच तिच्या लक्षात आलं नाही.

तिचा मुलगा, म्हणजे आमचा दादा, शहराच्या दुसऱ्या टोकाला राहतो. किल्ली सापडत नाही म्हटल्यावर त्याला चैन पडेना.

"आई, ती कुणाच्या हाती लागली तर? तू एकटी असतेस. कुलूप बदलायचंच."

"बदल."

"हँडलही बदलू. सगळंच कसं कळकट झालंय."

"बदल."

शनिवारी वहिनी तिला दुकानात घेऊन गेली. लग्नाला स्थळं बघावीत तशी हँडलं बघणं चाललं होतं. हे जरा बुटकं, ते फार चकचकीत, त्याचा रंग आपल्या दाराला शोभत नाही. दुकानदाराने काउंटरवर एकेक मांडलं. घासलेलं स्टील, जुन्या पितळासारखा रंग, मंद काळा.

"काळाच घ्या," तो म्हणाला. "खाली पितळ, वर पक्का रंग. दहा वर्षं हात लागला तरी उडायचा नाही."

"आई, तुम्ही सांगा. हात तुमचा लागणार रोज."

काकूने एकेका हँडलवर तळवा ठेवून बघितला. सगळी सारखीच गार.

"कुठलंही चालेल," ती म्हणाली.

काळं ठरलं.

दुसऱ्या दिवशी सुतार आला. दादाला सुट्टी म्हणून रविवार. त्या भागात त्याला सगळे ठाकठीक म्हणायचे, कारण प्रत्येक कामाला तो तेच म्हणायचा. दार खाली घासतंय? ठाकठीक करू. छप्पर पडलंय? तेही ठाकठीक करू.

त्याची एक पद्धत होती. जुनं कुलूप काढण्याआधी तो घरातल्या मोठ्या माणसाला विचारायचा आणि उत्तर मिळाल्याशिवाय स्क्रूला हात लावायचा नाही. एकदा कुणाच्या तरी घरी आजोबा फिरायला गेलेले, इकडे याने कुलूप बदललं आणि त्यांची जुनी किल्ली लागेना. म्हातारे दोन तास पायरीवर बसून राहिले. तेव्हापासून हा नेम.

"काकू, सगळे आत आहेत ना? बाहेर कुणी राहिलंय का?"

दादा आत होता, वहिनी आत होती.

"सगळे आहेत," काकू म्हणाली.

जुन्या जागेचं लाकूड पोकळ झालं होतं. म्हणून त्याने नवं कुलूप चार बोटं वर बसवलं. बाहेरून काळं हँडल नि नवी किल्ली, आतून त्याच जोडीतली नुसती काळी फिरकी. फिरवली की दार उघडलं. जुन्या किल्लीच्या भोकात त्याने लाकडाची खुंटी ठोकली, वर लांबीचा लगदा भरला, घासून पॉलिश केलं. भोक कुठे होतं ते सांगूनही कळलं नसतं.

जुनं कुलूप त्याने कागदात गुंडाळून काकूच्या हातात दिलं.

"महिनाभर फेकू नका. माझा नियम आहे. लोकांचं मन बदलतं."

सोमवारी सकाळी कुकरची शिट्टी होत होती. काकूला काही ऐकू आलं नाही.

संध्याकाळी ती पोळ्या लाटत होती. पावणेसात झाले.

आणि...

काहीच नाही.

तिचं लाटणं थांबलं. जिन्यात कुणीतरी वर गेलं. खाली गाडीचा हॉर्न वाजला. दार गप्प.

पंखा बंद पडला की मग कळतं, इतका वेळ तो चालू होता. तसं तिला कळलं. चार महिने. रोज दोन वेळा. तिचे पीठ लागलेले हात तसेच राहिले. आणि तिच्या मनात एकच विचार आला, की मी त्यांना बाहेर ठेवलं.

मंगळवारी सकाळी सव्वाआठला दाराकडून आवाज आला.

खट्, खट् नव्हे.

खर्र... खर्र...

धातूने लाकूड खरवडल्यासारखा. काकूने दाराच्या भिंगाला डोळा लावला. बाहेर कुणी नव्हतं. शेजाऱ्यांच्या चपला, पायपुसणं, जिन्यावरची उन्हाची तिरीप.

खर्र...

आवाज अगदी जवळ होता. तिच्या कमरेच्या उंचीवर. दार उघडायचं तिला धाडस झालं नाही. पाचेक मिनिटांनी तो आपोआप थांबला.

बुधवारी तेच. गुरुवारी तेच. शुक्रवारी आवाज जरा घाईचा होता, उशीर झालेल्या माणसासारखा.

ती रोज संध्याकाळी पावणेसातला दार उघडून बसू लागली. शेजारीण म्हणाली, वारा लागेल. फोनवर दादा रागावला.

"आई, कुलूप कशाला बदललं आपण? दार सताड उघडं टाकायला?"

ती काय सांगणार होती? तुझे वडील बाहेर तिष्ठत उभे आहेत, त्यांची किल्ली लागत नाही?

तिने ठाकठीकला निरोप धाडला.

तो दुपारी आला. "जुनी किल्ली बाहेरून लागेल असं काही करता येईल?" तिने विचारलं.

"जुनी किल्ली आहे कुणाकडे?"

"आहे एकाकडे. रोज येऊन खटपट करतात. आवाज येतो."

चुकीची किल्ली घातली की भोकाभोवती चरे पडतात, त्यावरून किल्ली कसली ते सांगतो, असं म्हणून त्याने बाहेरून टॉर्च मारली. वाकून बघितलं, बोट फिरवलं.

"इथे तर ओरखडासुद्धा नाही. कुणी हातही लावलेला नाही, काकू."

मग त्याने आत येऊन दार लोटलं.

आणि तिथेच उभा राहिला.

"काकू... घरात लहान मूल येतं का कुणाचं?"

"नाही."

तो गुडघ्यांवर बसला. नव्या फिरकीच्या चार बोटं खाली, जिथे त्याने खुंटी मारली होती, नेमकं तिथे पॉलिश निघालं होतं. रुपयाएवढा गोल. गोलाच्या आत चरेच चरे. बारीक, जोडीजोडीने. काकांच्या किल्लीला दोन दात होते.

"बाहेरून कुणी येत नाहीये," तो हळू आवाजात म्हणाला. त्याने टॉर्च विझवली. "आतून कुणीतरी जायला बघतंय."

काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात, ते हे. काकू आठवडाभर जिना बघत बसली होती. कुलूप बदललं तो वार तिला आठवला.

रविवार.

रविवारी ते कधीच बाहेर जात नसत.

सगळे आहेत, असं तीच म्हणाली होती.

मंगळवारी ती भिंगाला डोळा लावून उभी होती तेव्हा आवाज तिच्या कमरेपाशी होता... म्हणजे दाराच्या याच बाजूला. तिला लागून. हे आठवलं आणि चार महिन्यांत पहिल्यांदा तिच्या अंगावर काटा आला. ती घाबरली.

मग भीतीच्या मागून दुसरंच काहीतरी आलं. ते हायसं वाटणं होतं. त्याची तिला लाज वाटली, पण ते गेलं नाही.

"जुनं कुलूप आहे ना?" ठाकठीक म्हणाला. त्याच्या कपाळावर घाम होता. "द्या. अर्ध्या तासात बसवतो. ज्याला जायचं असेल तो जाईल."

काकूने कपाटावरून कागदाचं पुडकं काढलं. पितळ जड होतं. आज ते तिच्या हाताला गार लागलं, आणि गार लागलेलं कळलं.

जातील. सव्वाआठला जातील. पण पावणेसातला?

त्या बुधवारीही ते सव्वाआठलाच गेले होते.

तिने पुडकं परत गुंडाळलं.

"कुलूप राहू दे," ती म्हणाली. "पॉलिशचा एक हात मारून द्या."

ठाकठीकने ब्रश काढला. काकू शेजारी डबा धरून बसली होती आणि रडत होती. आवाज न करता, अखंड. तो गेल्यावरही ती तशीच दारापाशी बसून होती.

त्यानंतर तो त्या इमारतीत कामाला आला नाही. शेवटचं पॉलिश ठाकठीक झालं का, हेही त्याने सांगितलं नाही.

हे सगळं काकूने मला गेल्या महिन्यात सांगितलं. मी दोन दिवस तिच्याकडे राहिले होते. तेव्हा नवं कुलूप बसवून आठ महिने झाले होते. दूधवाल्याला तिने नऊची वेळ दिली आहे. कचरेवाली नऊनंतर. सव्वाआठला ते दार उघडत नाही.

सकाळी आम्ही चहाला बसलो होतो. तीन कप होते.

सव्वाआठ झाले.

खर्र... खर्र... खर्र...

माझ्या हातातला कप बशीवर वाजला. काकूने मानही वर केली नाही.

"पंधरा दिवसांनी पॉलिश करावं लागतं," ती म्हणाली. "आता मीच करते. जमतं."

"काकू, त्यांना जायचंय."

"असेल."

"मग?"

ती बिस्कीट चहात बुडवत राहिली. "पस्तीस वर्षं मला विचारत होते, तुझा काय भरवसा. आता बसू देत घरात. ते तरी काय पळून जाणार आहेत?"

ती हसली. काका जाण्याआधी हसायची तशी.

निघताना मी दार उघडायला गेले. फिरकीखालची, खुंटीची जागा बाकीच्या दारापेक्षा गडद दिसत होती. पॉलिशवर पॉलिश चढून फुगवटा आला होता. मी बोट फिरवलं. गुळगुळीत होती. एकही चरा नाही.

मग सकाळी आवाज कुठून आला?

फिरकीला काकांचा रुमाल बांधलेला होता. घट्ट, दोन गाठी मारून.

"हे काय गं?"

"अगं, हात लागून रंग उडतोय त्याचा," काकू स्वयंपाकघरातून म्हणाली. "दहा वर्षं उडायचा नाही म्हणाला होता तो दुकानदार मेला."

मी हळूच रुमाल वर सरकवला. फिरकीभोवतीच्या लाकडावर चरे होते. बारीक, जोडीजोडीने. आणि फिरकीचा काळा रंग दोन ठिकाणी पार गेला होता. खालचं पितळ चमकत होतं. डाव्या बाजूला अंगठ्याएवढं, उजव्या बाजूला बोटाएवढं.

काकू डावखुरी आहे. फिरकी झिजवणारा तो हात उजवा होता.

मी रुमाल होता तसा ओढून ठेवला आणि बाहेर पडले. दोन गाठी तिनेच मारल्या होत्या, म्हणजे तिला ठाऊक असणार.

आता रोज सकाळी सव्वाआठला माझं लक्ष घड्याळाकडे जातं. मग मी तिला फोन करते. ती उचलेपर्यंत मी रिंगा मोजते, एरवी तीन-चार होतात.

आज सात झाल्या.