दुसरा कवडसा

करसन मास्तर पेथाभाईच्या झोपडीशी सायकलवरून उतरला, तेव्हा त्याचा फायदा उघड होता. मिठाच्या रणातल्या गोणपाटाच्या शाळेला एक पोर कमी पडत होतं. ते मिळालं नाही तर शाळा उठणार, आणि शाळेबरोबर मास्तरही. धाकट्या राजीला पाठवून पेथाभाईला काय मिळणार, हे मात्र मास्तरला धड सांगता येईना.

"शिकेल की पोर," तो म्हणाला.

"शिकेल. आणि तिच्या वाटचं मीठ ओढायचं दंताळं कोण ओढेल?" पेथाभाईने रकाबीतला चहा फुंकला. "हिच्या आईचे डोळे या पांढऱ्या उजेडाने खाल्ले. घरात हात किती उरले, तुम्हीच बघा."

"मी ओढेन, बापा. माझंही नि तिचंही." मिठाच्या वाफ्यातून थोरली कंकू बोलली.

मास्तरने वळून पाहिलं. जरुरीपेक्षा जास्त पाहिलं.

"काय बघता? रानगाढव दिसलं नाही का कधी?"

"दिसलं… पण ते उलट बोलत नाही."

सौदा ठरला. शाळा लांब, मधल्या मृगजळात मोठी माणसं चुकतात, तिथे पोरांची काय कथा? म्हणून सकाळी शाळेतून आरशाचा कवडसा यायचा आणि घरून एक कवडसा जायचा : पोर निघाली. संध्याकाळी राजी वाफ्याच्या बांधावर बसून पाढे म्हणायची, अन् अक्षर न ओळखणारी कंकू दंताळं ओढता ओढता म्हणायची, "अडखळलीस. परत म्हण." मास्तरनेच तसं सांगून ठेवलं होतं.

एका सकाळी राजी निघून गेल्यावर शाळेकडून आणखी एक कवडसा आला. थेट कंकूच्या ओढणीवर. ती दचकली… मग हसली, आणि तिनेही आरसा उचलला. तेव्हापासून एक कवडसा पोरीचा, दुसरा त्या दोघांचा.

मास्तरच्या खेपाही वाढल्या.

"राजीला आज बेरीज आली."

"कालही आली होती."

"काल… हातचा राहिला होता."

"बरं झालं राहिला. नाहीतर आज काय निमित्त काढलं असतं?"

होळी झाली. वाफ्यांत मीठ चढू लागलं. बांधावर उभं राहून मास्तर चाचरत म्हणाला, "आमच्या गावात गोड पाण्याची विहीर आहे… बापाशी बोलू?"

कंकूने मिठाने भेगाळलेली पावलं पाण्यातून वर काढली नाहीत. "बोला," ती म्हणाली, आणि हे बोलायला नको होतं हे तिला तेव्हाच कळलं.

पेथाभाई रागावला नाही. रागावला असता तर बरं. त्याने मास्तरपुढे बाजरीचा रोटला ठेवला. "माझी ना नाही. कंकूला न्या. राजीला उद्यापासून वाफ्यात उतरवतो."

"राजीचं दंताळं मी ओढतो ना," मास्तर म्हणाला.

"मग शिकवायचं कोणी, रानगाढवांनी?" त्याने डोळे पुसले, रणात सगळ्यांचेच डोळे पाणावतात. "दोन्ही पोरी माझ्या आहेत, मास्तर. तुम्हीच सांगा, कुठली पाठवू?"

रोटला तसाच राहिला. मास्तर सायकल हातात धरून चालत गेला. चढून बसायचंही त्याला सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेकडून कवडसा आला. कंकूने राजीची वेणी घातली, पाटी दिली, आरसा उचलून एकदा चमकवला. पोर निघाली. थोड्या वेळाने दुसरा आला. थरथरत, थांबून थांबून. कंकूने आरसा ओढणीत गुंडाळला आणि पाठ फिरवून दंताळं उचललं. तो कवडसा बराच वेळ पाठीवर होता.

अजून येतो, म्हणतात.

शाळा टिकली. मास्तरची नोकरी टिकली. पेथाभाईचं मीठ पावसाआधी भरलं. राजी आईला धडे वाचून दाखवते, आणि चुकली की वाफ्यातून आवाज येतो, "अडखळलीस. परत म्हण." या सगळ्याचं मोल जिने भरलं, तिच्या घट्टे पडलेल्या तळहातांत, पोरीचा कवडसा गेला की, आता आरसा थांबत नाही.